दशांश देता, मग घरात कर्ज का लपवता?

आमच्या रायपूरच्या मंडळीत दशांशावर वर्षातून दोन-तीन तरी प्रवचने होतात. कर्जावर, जामीनकीवर, नवराबायकोने एकमेकांना पगार सांगण्यावर एकही होत नाही. माझी सारी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली आणि आता मी चर्चची खजिनदार आहे, म्हणून हे मला फार खुपते. मिळकतीचा दहावा भाग देवाचा, असे आपण मानतो. उरलेले नऊ भाग मग कोणाचे? तेही त्याचेच आहेत, आपण नुसते कारभारी. कारभाऱ्याने हिशेब द्यायचा असतो आणि तो पहिल्यांदा स्वतःच्या घरात द्यायचा असतो.

गेल्या पावसाळ्यात मंडळीतले एक गृहस्थ अचानक गेले. उरल्याच्या कारखान्यात चांगल्या पगारावर होते. दफनविधी होऊन आठवडा झाला असेल, त्यांची पत्नी माझ्याकडे आली. हातात पंडरीच्या कापडदुकानाची पिशवी. पिशवीतून एकेक कागद काढून तिने माझ्यासमोर ठेवला. सोनेतारणाची पावती निघाली. पाटल्या लॉकरमध्ये आहेत, अशीच तिची समजूत होती. वैयक्तिक कर्जाचे पत्र निघाले. सगळ्यात खाली एका मित्राच्या ट्रकच्या कर्जाला जामीन राहिल्याचा करार, शेवटच्या पानावर नवऱ्याची ठसठशीत सही. “दीदी, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं,” एवढेच ती म्हणाली. या घराचे दशांशाचे पाकीट एकाही महिन्यात चुकले नव्हते. ती पाकिटे मीच उघडत होते.

जामीनकीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. आधी कर्जदाराला धरतील, तो अगदीच बुडाला तर आपल्याकडे येतील, असे वाटते. 1872 च्या करार कायद्याचे 128 वे कलम तसे म्हणत नाही. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट त्याच्या दारात येऊ शकते. तो वारला तरी आधीच उचललेल्या कर्जाची जबाबदारी पुसली जात नाही, मागे राहिलेल्या मालमत्तेवर ती येते. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नका, असे एकदा नव्हे, अनेकदा बजावले आहे. आमच्याकडे मात्र ‘भाऊ आहे, नाही कसं म्हणायचं’ म्हणून सही होते आणि तिला ख्रिस्ती प्रेमाचे नाव मिळते. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर आपल्या शिलकीतले द्यावे. बायकोच्या डोक्यावरचे छप्पर तिला न विचारता गहाण टाकून केलेली मदत मला प्रेम वाटत नाही.

या बाबतीत मला नेहमी टिळक दांपत्य आठवते. राजनांदगाव इथून अवघे 70 किलोमीटर. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यातच एका सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल दिले आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. मागेल त्याला ते देत आणि उद्याच्या चुलीची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्यांनी हे प्रेमाने लिहिले आहे, पण झाकून ठेवलेले नाही. टिळकांच्या दातृत्वाची स्तुती आपण व्यासपीठावरून करतो. ते घर जिने चालते ठेवले, तिच्या व्यवहारज्ञानालाही भक्तीचाच दर्जा द्यायला हवा, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता कोणी म्हणेल, बायकाही डब्यात पैसे लपवतात. लपवतात. छत्तीसगडमध्ये 2024 पासून महतारी वंदन योजनेचे महिना 1000 रुपये विवाहित स्त्रियांच्या खात्यात येतात. नवरा दारूत सगळे उडवत असेल, तर ते हजार त्याच्यापासून राखणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. ती लेकरांची शाळा राखते आहे. राखून ठेवणे हेच पाप नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट येते. शेत त्यांचे होते, विकून आलेला पैसाही त्यांच्याच ताब्यात होता. पेत्राने तसे साफ सांगितले. दोष होता तो थोडे ठेवून सगळे दिले असे भासवण्याचा.

बायकांच्या समूह-कर्जाची गोष्ट आणखी बिकट. बिरगावच्या वस्तीत एकमेकींच्या भरवशावर कर्ज मिळते आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: अशा घरांचे सगळ्या कर्जांचे मिळून मासिक हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नवऱ्याचे कर्ज बायकोला आणि बायकोचे नवऱ्याला ठाऊक नसेल, तर ही बेरीज घरात करणार कोण?

त्यात ‘द्या म्हणजे शंभरपट मिळेल’ असे सांगणारे उपदेशक आले की माझा जीव घाबरा होतो. दुप्पट पैशाच्या आमिषाने याच राज्यात हजारो कुटुंबांची पुंजी चिटफंडवाल्यांनी बुडवली. तीच भाषा वेदीवरून बोलली गेली, तर लोकांनी फसव्या योजना ओळखायच्या कशा? मनोरा बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, हा दाखला खुद्द येशूने दिला. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला, म्हणून दुष्काळात लोक जगले. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला कोठीतले धान राखायचे कसे, आणि छेरछेऱ्याच्या सणाला त्यातलेच पसाभर दारच्या पोरांना घालायचे कसे, हे दोन्ही ठाऊक आहे. राखणे आणि देणे त्याच्या घरात भांडत नाहीत.

लग्न ठरले की आमच्या चर्चमध्ये तीन रविवार पुकार होते. कोणाला हरकत आहे का, हे साऱ्या मंडळीला विचारले जाते आणि पाळकसाहेब जोडप्याला दोन-तीन वेळा समोर बसवून शिकवणही देतात. त्यातली एक बैठक पैशाची असावी, असा अर्ज मी मंडळीच्या समितीकडे दिला आहे. मुलाने आणि मुलीने आपापली कर्जे, हप्ते, जामीनकी, आईवडिलांना पाठवायची रक्कम एका कागदावर लिहून एकमेकांच्या हाती द्यावी. खात्यांवर नामनिर्देशन कोणाचे, विम्याचे कागद कुठे, हेही त्यावर असावे. तो कागद चर्चकडे ठेवायचा नाही, पाळकांनी वाचायचाही नाही. दोघांनी तो वाचला, एवढ्याच सह्या नोंदवहीत घ्यायच्या. समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, यामुळे एखादे ठरलेले लग्न मोडले तर? पुकारीनेही कधी कधी लग्ने मोडली आहेत, म्हणून आपण पुकार बंद केली नाही, असे मी त्यांना सांगितले. पुढच्या बैठकीत यावर मत घ्यायचे ठरले आहे.