दशांश कोणी द्यायचा, कोणी घ्यायचा

ख्रिस्ती माणसाने मिळकतीचा दशांश मंडळीला द्यावा की नाही, हा वाद पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत होतो तेव्हा तो बहुतेक पगारदारांचा वाद असतो. परभणी जिल्ह्यात त्याचे रूप बदलते. 2011 च्या जनगणनेनुसार 18 लाख 36 हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात ख्रिस्ती लोक एक टक्काही नाहीत. त्यातले कॅथलिक 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या मराठवाडा धर्मप्रांतात मोडतात, आणि या दोन्हींच्या बाहेर कुणाच्या ओसरीवर, भाड्याच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभा असतात. दशांशाचा आग्रह या स्वतंत्र सभांमध्ये जास्त, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे: त्यांच्या पाळकाला वरून पगार येत नाही. मग छापील पाकीट हातात येते. त्यावर नाव, महिना आणि रक्कम लिहायची असते. ती रक्कम लिहिणारी बाई पुष्कळदा रोजंदारीने कापूस वेचायला किंवा सोयाबीन काढायला जाणारी असते. पवित्र शास्त्रातला दशांश नीट वाचला तर ही बाई देणाऱ्यांच्या रांगेत बसत नाही, घेणाऱ्यांच्या रांगेत बसते, आणि तिच्याकडून दशांश हक्काने मागणे हा त्या वचनांचा उलटा अर्थ लावणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोशेच्या नियमशास्त्रातला दशांश धान्यावर, द्राक्षारसावर, तेलावर आणि गुराढोरांवर होता, म्हणजे ज्याच्याकडे रान आहे, कळप आहे त्याच्यावर. रोजाने राबणाऱ्याच्या मजुरीवर दशांश बसवल्याचे नियमशास्त्रात कुठे सापडत नाही. मजुरीबद्दल सापडते ती ताकीद, की सूर्य मावळण्याआधी ती चुकती करा. दशांश जायचा लेव्यांकडे, कारण वंशावंशांत जमीन वाटली गेली तेव्हा लेव्यांना वतन मिळाले नाही. अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायला सांगितला आहे, आणि त्यावर लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर जेवायचे आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असा नियम आहे. रूथ आणि तिची सासू त्या सरव्यावरच जगल्या. गणनेच्या अठराव्या अध्यायातली एक गोष्ट व्यासपीठावरून फारशी ऐकू येत नाही: लेव्याने आपल्याला मिळालेल्या दशांशाचाही दशांश पुढे द्यायचा होता. हे सगळे एकत्र ठेवले की दिसते ती भूमिहीनांची, निराधारांची तजवीज. भूमिहीनाकडून वसुली करण्याची सोय त्यात कुठेच नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते. दशांश नियमशास्त्राच्याही आधीचा आहे, अब्राहामाने मलकीसदेकाला तो दिला, म्हणून तो सर्वांना सर्वकाळ लागू. पण अब्राहामाने दिला तो लढाईतल्या लुटीतून, एकदाच, आणि कुणी न मागता. याकोबाने बेथेल येथे दशांशाचा नवस केला, तोही खायला अन्न आणि नेसायला वस्त्र मिळाले तर, अशा अटीवर. त्या दोघांचे उदाहरण घ्यायचे तर अटीसकट घ्यावे लागेल. येशूने परूश्यांना पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडून दिल्याबद्दल झापले, तेव्हा दशांश सोडून द्या असे तो म्हणाला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र कशाचे वजन जास्त, हेही त्याने त्याच वाक्यात सांगून ठेवले आहे. पुढे पौलाने करिंथकरांना यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी वर्गणी मागितली, आणि ती मागताना कुठेही दहाव्या हिश्श्याचा उल्लेख केला नाही. ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने त्याने द्यावे, नसलेल्याच्या मानाने नव्हे, आणि दुसऱ्याला आराम व तुम्हाला ओझे असे होऊ नये, हा त्याचा हिशोब.

खरा धाक बसतो तो मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाने. दशांश न देणारा देवाला लुटतो, त्याच्यावर शाप आहे, आणि भांडारात दशांश आणला तर आकाशाच्या खिडक्या उघडतील, हे वचन ऐकवले की पोर आजारी असलेली आईसुद्धा औषधाचे पैसे बाजूला ठेवते. पण याच अध्यायात, या वचनांच्या थोडेच आधी, मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि पोरक्याला पिळणारे, परक्याचा हक्क मारणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीला उभा राहतो. आणि पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत झोडपले आहे ते याजकांना, लंगडी आणि रोगट जनावरे वेदीवर आणल्याबद्दल. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात भांडाराची दुरवस्था दिसते: देवळातल्या कोठीत आपल्या ओळखीच्या माणसाला खोली करून देणारा याजक, आणि वाटा न मिळाल्यामुळे आपापल्या शेतांकडे निघून गेलेले लेवी. नहेम्याने लोकांना नुसता उपदेश केला नाही. त्याने कोठीवर विश्वासू माणसे नेमली आणि वाटप त्यांच्याकडे सोपवले, तेव्हा गाडी रुळावर आली. मलाखी वाचून दाखवणाऱ्याने त्याला जोडून नहेम्या वाचून दाखवायला हवा.

आता परभणीच्या रानात येऊन आकडे मांडू. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारात मराठवाड्याच्या शेतकऱ्याला त्याहून कमीच पडला. तरी हमीभावच धरू. दहा क्विंटल झाले तर 48,920 रुपये, आणि आलेल्या पैशाचा दशांश 4,892, म्हणजे बरोबर एका क्विंटलचे पैसे. पण बियाणे, खत, फवारणी, काढणीची मजुरी आणि मळणी यंत्राचे भाडे मिळून 35,000 रुपये गेले असतील तर घरात राहिले 13,920. त्यातून एका क्विंटलचे पैसे काढले की दशांश म्हणता म्हणता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेले. पगारदाराला हा प्रश्न पडत नाही. महिन्याला 90,000 मिळवणाऱ्याने 9,000 दिले तरी त्याच्याकडे 81,000 उरतात. 9,000 मिळवणाऱ्या घराला 900 रुपये म्हणजे किराण्यातले तेल आणि डाळ. याच जिल्ह्यातल्या मुस्लिम शेजाऱ्यांकडे या अडचणीवर जुना तोडगा आहे. जकात अडीच टक्के, पण साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर असेल त्याच्यावरच. त्या रेषेखालचा माणूस देणेकरी नाही, तो जकात घेऊ शकतो. नियमशास्त्रातल्या दशांशातही अशी रेषा होतीच, ती जमिनीच्या मालकीने आखलेली होती. मंडळ्यांनी ती पुसून टाकली आणि टक्का तेवढा ठेवला.

याच्या विरोधात सर्वांत वजनदार मुद्दा मला वाटतो तो असा, की गरिबाला देण्यातून वगळणे म्हणजे त्याचा मान काढून घेणे. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात नवदीक्षित बौद्धांपुढे बोलताना मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले, आणि समोरचा समाज बहुतांशी मजुरांचाच होता. मराठवाड्यातले अनेक ख्रिस्ती त्याच वस्त्यांतून आलेले आहेत. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धर्म बदलल्यावर त्यांच्या हातून अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, बौद्धांना त्या 1990 साली मिळाल्या, यांना अजून नाहीत. अशा माणसाला मंडळी आपली वाटायची तर त्याचा पैसा तिच्यात हवा, हे खरेच. दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दान टाकणाऱ्या विधवेची गोष्टही हेच सांगते असे म्हणतात. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर टीका आहे, आणि त्या दोन टोल्या त्या बाईकडे कुणी मागितल्या नव्हत्या. मान राखून देणे कसे असते ते मंडळीतल्या हंगामाच्या सणाला चांगले दिसते. कुणी पायलीभर ज्वारी आणतो, कुणी कोंबडी, कुणी घरचे दोन भोपळे. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, शिक्षक आणि परिचारिका चढाओढीने बोली लावतात आणि तीस रुपयांचा भोपळा तीनशेला जातो. तिथे गरिबाने मानाने दिलेले असते आणि पैसा ज्याच्याकडे आहे त्याच्या खिशातून आलेला असतो. त्या भोपळ्यावर टक्का लिहिलेला नसतो, आणि तो आणला नाही म्हणून कुणाच्या घरावर शापही सांगितला जात नाही.

राहिला पाळकाच्या पोटाचा प्रश्न. दशांशाचा आग्रह सोडला तर मंडळी चालणार कशावर, असे विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मराठी मंडळ्यांना ही चिंता दीडशे वर्षांहून जुनी आहे. परभणीच्याच रेल्वेमार्गावरच्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ख्रिस्ती गाव वसवले, त्याला याकोबाच्या नवसाच्या ठिकाणाचेच, बेथेलचे, नाव दिले. पण कामाचा मोठा आधार स्कॉटिश मिशनच्या पैशाचा होता. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये 1854 साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हापासून एतद्देशीय पाळकाचा पगार मंडळीने द्यायचा की मिशनने, यावर खल सुरू आहे. नारायण वामन टिळकांनी तर 1917 साली मिशनचा पगारच सोडला, कारण परक्या पैशाखाली मराठी ख्रिस्ती माणूस उभा राहणार नाही असे त्यांना कळून चुकले होते. आता परदेशी अभिदाय कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीने एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला तो पैसा देण्यावर बंदी आली, प्रशासनाचा खर्च 20 टक्क्यांवर आणला गेला, आणि छोट्या मंडळीला मोठ्या संस्थेकडून झिरपत येणारा आधार आटला. तेव्हा पाळकाला मंडळीनेच पोसले पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पोसायचे मात्र ज्यांच्या पदरी पगार आहे, पेन्शन आहे, दुकान आहे, बागायत आहे त्यांनी. त्यांच्यासाठी दहा टक्के ही जास्तीत जास्त मर्यादा मानू नये, ती सुरुवात मानावी. गावात अशी पाचसहाच घरे असतील तर दोनतीन सभांनी मिळून एक पाळक ठेवावा, किंवा पाळकाने पौलासारखा हाताला धंदा ठेवावा; पौल तंबू शिवत असे आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आणि हे कुणाकडून मागायचे तर आधी हिशोब दाखवून. पौलाने यरुशलेमची वर्गणी एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये म्हणून. कॅथलिक चर्चचा 1983 चा धर्मकायदा श्रद्धावंतांनी चर्चच्या गरजा भागवाव्यात असे सांगतो पण टक्का ठरवत नाही. आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या पैशाचा हिशोब त्यांनाच द्यावा, असेही त्याच्या 1287 व्या कलमात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या न्यासाला हिशोब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. पण जिथे न्यासच नाही आणि पाळकाच्या स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर दशांश जमा होतो, तिथे प्रामाणिक पाळकसुद्धा पहिल्याच अफवेत उघडा पडतो. पैशाच्या जोरावर धर्मांतर करतात असा आरोप कुणी केला तर त्याच्याकडे दाखवायला वही नसते. एक खाते मंडळीच्या नावाने, त्यावर दोघातिघांच्या सह्या, आणि त्या सह्यांत एखाद्या मजूर घरातल्या बाईची सही. वहीत पाळकाचे मानधन किती, जागेचे भाडे किती, आणि मंडळीतल्या विधवा, आजारी आणि कर्जात बुडालेल्या घरांना किती गेले, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या मंडळीने दशांश हा शब्द वापरू नये, त्याला वर्गणी म्हणावे. ही वही वर्षातून एकदा उपासनेनंतर मोठ्याने वाचायला दहा मिनिटे लागतात, आणि जिंतूर असो की पूर्णा, त्यासाठी वरच्या कुणाची परवानगी लागत नाही.