दाराआडची आग

आग म्हटली कीं आपलें लक्ष ज्वाळांकडे जातें; बंबवाल्याचें मात्र धुराकडे असतें. जालना जिल्ह्यांतील वाचकांस हें आम्ही मुद्दाम सांगत आहों. येथील जिनिंगांत व वखारींत कापूस असावयाचाच, आणि दाबून बांधलेल्या गासडीच्या पोटांत शिरलेली ठिणगी बाहेर कांहींएक न दिसतां तासन्‌तास धुमसत राहते.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं असेंच झालें. 'फोर्ट स्टिकीन' बोटीवर कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्येंहि. धूर दिसला, पण आग नेमकी कोठें तें उमगेना. बंबवाले पाणी ओतीत राहिले. त्या स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो.

तेथें घात केला दारूगोळ्यानें. घरांत तोच घात साधी हवा करते. बंद खोलींतील आग आंतला प्राणवायु संपत आला कीं मंदावते, आणि पाहणारास वाटतें, विझली! वस्तुतः न जळलेले वायु धुरांत कोंडलेले असतात. अशा वेळीं कांचा काजळतात, दार तापतें आणि फटींतून धूर श्वासोच्छ्वासाप्रमाणें बाहेर येऊन पुन्हां आंत ओढला जातो. अशा स्थितींत दार उघडलें कीं हवा शिरते व सारा धूरच भडकून बाहेर झेपावतो. शेजाऱ्यांची परोपकारबुद्धि तर अशा वेळीं खिडक्या फोडण्यांतच प्रकट होते!

खोलींत हवा खेळत असली तर लक्षणें निराळीं. धुराचा थर आढ्यापासून भराभर उतरतो, त्यांतून ज्वाळांच्या जिभा फिरतात, उष्णतेनें उभें राहवत नाहीं. आढ्याजवळ सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णता झाली कीं खाट, पडदे, कपाट सारें एकदम पेटतें. मग पोशाख चढविलेल्या जवानासहि क्षणांचीच सवड उरते. हल्लींच्या फोमच्या गाद्यांमुळें ही घटका पूर्वींपेक्षां फार लवकर येते.

आमच्या मतें गृहिणींनीं एवढें करावें: दारास हाताची पाठ लावून पाहावी, तापलेलें दार उघडूं नये, बाहेर पडतांना दार ओढून घ्यावें व १०१ वर कळवावें. बंब येतांच कोणती खोली किती वेळ बंद आहे, आंत कोणी आहे काय आणि गॅसचें सिलिंडर कोठें आहे, हें जवानांस दार उघडण्यापूर्वींच सांगावें.