दाणे आले, चुना राहिला

मेक्सिकोतल्या खेड्यांत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी बोटांनी चोळलं की दाण्यांवरची सालं सुटतात. मग दाणे धुवायचे, पाट्यावर वाटायचे आणि त्या ओल्या पिठाच्या तोर्तिया तव्यावर भाजायच्या. चुना नसेल तिथे राख. अशा मक्याला तिथल्या नाहुआत्ल भाषेत जो शब्द आहे, निश्तामाल, त्यात राखेचं नाव आहे. रीत निदान तीन हजार वर्षांची. नुसत्या मक्याचं पीठ थापताना तुटतं आणि चुन्यात शिजलेल्याचं चिकट होतं, एवढं थापणाऱ्या हाताला लगेच कळतं. दुसरी गोष्ट हाताला कळणारी नव्हती. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं जखडलेलं असतं की आपल्या पोटाला ते सोडवून घेता येत नाही. चुना ते मोकळं करतो.

१४९२ नंतर मका जहाजांतून अटलांटिकपार गेला. दाणे पोत्यात मावतात, वर्षभर टिकतात, परक्या मातीत रुजतात. चुना मात्र मागे राहिला. मला याचं कारण एकच दिसतं: पाट्यावर बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही की तू हे का करतेस. सोनं कुठे आहे ते विचारलं, वाटा विचारल्या. युरोपात गहू दळायच्या चक्क्या होत्याच, त्यांत मकाही दळला गेला.

उत्तर इटलीत आणि उत्तर स्पेनमध्ये मका गरिबांचं अन्न झाला. गहू जमीनदाराचा आणि बाजाराचा, इटलीतल्या कुळाच्या ताटात सकाळ-संध्याकाळ पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी. १७३५ साली स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातला डॉक्टर गास्पार कासाल एका अनोळखी आजाराची नोंद करू लागला. हातापायांची कातडी उन्हात भाजल्यासारखी लाल होऊन खरखरीत होते, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा चट्टा उठतो. मग जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू. हे रोगी बहुतांशी मक्यावर जगतात, हे कासालनं पाहिलं होतं. १७७१ साली मिलानच्या फ्रापोलीनं खरखरीत कातडी या अर्थाच्या स्थानिक बोलीतल्या शब्दावरून त्याला 'पेलाग्रा' म्हटलं. पुढची दीडशे वर्षं पंडित वाद घालत राहिले. इटालियन डॉक्टर चेझारे लोंब्रोझो सडलेल्या मक्यातल्या विषाला दोष देत होता, कुणी जंतू शोधत होतं, कुणी गरिबांचं रक्तच वाईट ठरवत होतं. ज्या लोकांनी मका पिकवायला सुरुवात केली ते तोच मका रोज खाऊन धडधाकट राहतात, हा पुरावा समोर असून त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

विसाव्या शतकात हाच रोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात पसरला. कापसाच्या शेतांतली कुळं आणि गिरणीकामगार मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराच्या चरबीवर दिवस काढत होते. १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे एक लाख माणसं पेलाग्रानं गेली. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यानं १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगातल्या कैद्यांना शिक्षामाफीच्या बोलीवर असाच आहार दिला, तर काही महिन्यांत त्यांच्यातल्या निम्म्यांना रोगाची लक्षणं दिसली. तरी लोक संसर्गाचंच म्हणत होते. तेव्हा त्यानं आणि सहकाऱ्यांनी रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्याच्या पत्नीनंही घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. १९३७ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेयेम यानं नायसिन हा उपाय दाखवला, तोवर गोल्डबर्गर जाऊन आठ वर्षं झाली होती.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर १९९० साल फार दूर नाही. मोझांबिकच्या यादवीतून पळून मलावीच्या छावण्यांत आलेल्या निर्वासितांना मदतीत मका मिळत होता, सोबत शेंगदाणे. शेंगदाण्यात नायसिन भरपूर. शेंगदाण्यांचा पुरवठा तुटला आणि काही महिन्यांत सुमारे १८ हजार माणसांना पेलाग्रा झाला. मका आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडांतून समुद्रमार्गे आफ्रिकेत गेलेले. धान्याच्या पोत्यांवर वजन लिहिलेलं असतं, ते कशाबरोबर आणि कसं खायचं हे लिहिलेलं नसतं. आपल्या दख्खनच्या पठारावरही हा रोग होता. ज्वारीवाचून दुसरं काही न मिळणाऱ्या शेतमजुरांमधला पेलाग्रा हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी अभ्यासला. तिथे कारण निराळं होतं, ताट तेवढंच रिकामं.

खंडाखंडांत झालेल्या देवाणघेवाणीबद्दल बोलताना आपण बटाटा, मिरची, टोमॅटो मोजतो. मला वाटतं, न नेलेल्या गोष्टीही मोजायला हव्यात. त्यांनी माणसं मारली आहेत. आणि हा हिशेब आपल्या घरातही करायचा आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. आता त्या बियाण्यांच्या प्रत्येक मडक्याशेजारी त्याची रांधायची रीतही लिहून ठेवायला हवी, आणि कृषी विद्यापीठांनी हे काम बियाण्याइतकंच आपलं मानायला हवं. सह्याद्रीतल्या आदिवासी बायका कडू कंद राखेच्या पाण्यात उकळतात, काप करून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. त्यांच्यातल्या किती जणींना आजवर कुणी विचारलं असेल की राख कुठल्या लाकडाची, किती मुठी, आणि पाण्यात एक रात्र की दोन?