मालदीव की लक्षद्वीप? पाण्यावरच्या खोलीचा खरा हिशेब

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि वऱ्हाडाला समुद्र थोडा जवळ आला. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला, तरी अमरावती-मुंबई एक्स्प्रेसचा आधार अकोलेकरांना आहेच. पूर्वी चिखलदऱ्यावर किंवा फार तर गोवा-केरळवर थांबणारी सहलीची चर्चा त्यामुळे मालदीवच्या 'वॉटर व्हिला'पर्यंत पोहोचणे स्वाभाविक आहे. निळ्या पाण्यात खांबांवर उभी खोली आणि दारातून थेट समुद्रात उतरणारा जिना, हे छायाचित्र कोणालाही भुरळ घालते. मात्र केवळ छायाचित्र पाहून खोली निवडणाऱ्याच्या दोन-तीन वर्षांच्या बचतीवर पाणी फिरू शकते.

या खोल्यांचा जन्म अडचणीतून झाला. फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ येथील हॉटेलला वाळूचा किनाराच नव्हता. त्यामुळे १९६७ मध्ये तेथील चालकांनी थेट पाण्यावर खोल्या उभारल्या. मालदीवमधील पहिले रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झाले आणि पुढे हाच नमुना तेथे रुजला. तेथे सामान्यतः एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. साहजिकच खोली निवडणे म्हणजे जेवण, डॉक्टर, ये-जा यांसह संपूर्ण बेट निवडणे होय. जेवण महाग वाटले म्हणून शेजारच्या खानावळीत जाण्याची सोय तेथे नसते. शाकाहारी कुटुंबांनी हा मुद्दा आधीच पक्का केलेला बरा.

भाव एक, बिल दुसरे

जाहिरातीतील दर बहुधा करांशिवाय असतो. एका रात्रीचा दर ५०० डॉलर धरला, तर त्यावर सहसा १० टक्के सेवाशुल्क लागते आणि मग १७ टक्के पर्यटन वस्तू-सेवा कर. हा कर १ जुलै २०२५ पासून १६ टक्क्यांवरून वाढविण्यात आला. म्हणजे रक्कम ६४३ डॉलरवर जाते. शिवाय जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमधील हरित कर माणशी रोज १२ डॉलर झाला आहे. दोघांचे मिळून ५०० चे ६६७ डॉलर होतात. परतताना इकॉनॉमी वर्गाच्या विदेशी प्रवाशाला ५० डॉलर प्रस्थान कर पडतो. तो तिकिटातच धरलेला असतो.

माले विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास हा आणखी वेगळा खर्च. जवळच्या बेटांना वेगवान बोट असते, तर दूरच्या बेटांना समुद्रावर उतरणारे छोटे विमान. त्याचे भाडे माणशी शेकडो डॉलर होते आणि ते फक्त दिवसाउजेडी उडते. दुपार टळल्यावर मालेत उतरणाऱ्यास रात्र तेथेच काढावी लागते. रेल्वेने मुंबई गाठून पुढचे विमान पकडणाऱ्या वऱ्हाडकरांनी बोटीने जाता येईल असे बेट निवडणे अधिक व्यवहार्य ठरते.

सुट्टी आणि ऋतूचा मेळ

विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. सहली त्यामुळे मे-जूनमध्ये आखल्या जातात. मालदीवमध्ये नेमका तेव्हाच नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर असतो. त्या काळात दर उतरतात. पण वारा, सरी आणि खवळलेले पाणी यांची तयारी हवी. कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिलचा आणि तेव्हाचे दर चढे. प्रवाळभिंतीने अडविलेल्या उथळ पाण्यावरची, म्हणजे खारकच्छातील खोली पोहता न येणाऱ्यांना सोयीची; प्रवाळ आणि मासे पाहायचे असतील, तर भिंतीच्या कडेची. लहान मुलांना अशी खोली न देण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे, याचीही आधी चौकशी करावी. मद्य, डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेता येत नाहीत.

स्वदेशी पर्याय किती दूर?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी केलेल्या टिप्पणीवरून वाद पेटला आणि बहिष्काराची हाक दिली गेली. २०२३ मध्ये मालदीवला गेलेल्या भारतीयांची संख्या दोन लाखांवर होती. २०२४ मध्ये ती सुमारे १ लाख ३० हजारांवर आली. परंतु हा ओघ लक्षद्वीपकडे वळविणे सोपे नाही. तेथे जाण्यास प्रवेशपरवाना लागतो आणि अगत्तीच्या आखूड धावपट्टीवर लहान विमानेच उतरतात.

मिनिकॉय, कदमत आणि सुहेली येथे मालदीवच्या धर्तीवर व्हिला उभारण्यासाठी २०२१ मध्ये सुमारे ८०० कोटी रुपयांच्या प्रकल्पांच्या निविदा काढण्यात आल्या. जानेवारी २०२३ मध्ये ताज समूहाने सुहेली व कदमत येथे प्रत्येकी ११० खोल्यांची रिसॉर्ट जाहीर केली. त्यांपैकी ८५ खोल्या पाण्यावरच्या आहेत.

मूळ प्रश्न गोड्या पाण्याचा

प्रवाळ बेटावर पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराच्या रूपात तरंगते. उपसा वाढला की खारे पाणी वर येते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीला पाणी आहे, पण पिण्याजोगे नाही, ही व्यथा अकोला-अमरावतीची गावे पिढ्यान् पिढ्या सोसत आली आहेत. वान धरणावरील ८४ खेडी पाणीपुरवठा योजना त्यातूनच आली. लक्षद्वीपमध्ये कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर! सुमारे ३२ चौरस किलोमीटर भूभागावर ६४ हजारांहून अधिक लोकवस्ती (२०११ ची जनगणना) असलेल्या द्वीपसमूहात पर्यटकांच्या स्नानगृहांना पाणी कोठून आणणार, याचे उत्तर खोल्यांच्या संख्येपूर्वी ठरायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. आर. व्ही. रवींद्रन समितीनेही तेथील विकासकामांत लोकनियुक्त पंचायतींशी सल्लामसलतीचा आग्रह धरला होता. १९९८, २०१० आणि २०१६ नंतर २०२४ मध्येही तेथील प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले. ज्या प्रवाळांमुळे ते निळे पाणी शांत राहते, तेच संकटात आहेत.

म्हणूनच आरक्षण करताना दरासोबत आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. पिण्याचे पाणी कसे मिळवले जाते? सांडपाणी कोठे जाते? खांब रोवताना प्रवाळ तोडले का? पाण्याच्या हंड्यासाठी रांग पाहिलेल्या वऱ्हाडकराने हे विचारले, तर त्यात वावगे काही नाही. समाधानकारक उत्तरे देणाऱ्या रिसॉर्टची खोली दोन पैसे महाग पडली, तरी तीच निवडणे शहाणपणाचे.