विश्लेषण : रेल्वे केंद्राची, मग राज्याचा हप्ता कशासाठी?

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावहून रेल्वेने कुठे जायचे तर आधी हिंगोली स्थानक गाठावे लागते. तिथला अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्याच सुमारास शेजारच्या भागातून जाणारा वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला. त्याचा पहिला टप्पा खुला व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडले, तोही वर्ध्याहून कळंबपर्यंत, म्हणजे जेमतेम ४० किलोमीटर. उशिराचे कारण विचारले की मुंबई दिल्लीकडे बोट दाखवते आणि दिल्ली मुंबईकडे. दोघांनाही ते जमते, कारण या मार्गाचा खर्च दोघे मिळून करतात.

दोन सरकारे एका मार्गात कशी?

रेल्वे हा केंद्राचा विषय. पण नवा मार्ग घेताना रेल्वे खर्चावर परतावा किती मिळेल ते पाहते आणि मागास भागांतले मार्ग तिथेच मागे पडतात. तेव्हा राज्य म्हणते, काही भार आम्ही उचलतो. वर्धा-नांदेडसाठी राज्याचा वाटा ४० टक्के आहे, अहिल्यानगर-बीड-परळी मार्गासाठी निम्मा. शिवाय जमीन संपादनाची प्रक्रिया जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडे. म्हणजे राज्य पैसा देते आणि जमीनही मिळवून देते. गाड्या कोणत्या, किती आणि किती वाजता, हे मात्र ठरवणार रेल्वेच.

बीडच्या मार्गाचा हिशेब काय सांगतो?

२६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. मूळ अंदाज ३५३ कोटींचा. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. तोवर खर्चाचा आकडा ४,८०५ कोटींवर गेला होता. निम्मा वाटा म्हणजे तेव्हा सुमारे १७६ कोटी, आता सुमारे २,४०० कोटी. हप्ता लांबवून राज्याने काय वाचवले, हे या दोन आकड्यांतच दिसते. केंद्राचा हिशेबही तोच.

भूसंपादन महागल्याचे कारण नेहमी पुढे केले जाते. नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि शेतकऱ्याच्या मोबदल्यात वाढ झाली, ती रास्तच होती. पण मंजुरी त्याआधी १८-१९ वर्षांची होती! तेवढ्या काळात जमीन ताब्यात आली नाही, याचा दोष शेतकऱ्यावर टाकता येत नाही. दोन अर्थसंकल्प आणि दोन तिजोऱ्या. एकीकडचा पैसा आला तरी दुसरीकडचा येईपर्यंत काम तुकड्या-तुकड्यांनीच सरकते.

मग भागीदारीच चुकीची?

तसे म्हणता येत नाही. कोकण रेल्वेची कंपनी १९९० मध्ये स्थापन झाली. तिचे भांडवल उभारताना रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. भागीदार पाच, वाटेत सह्याद्रीचे बोगदे. तरी सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. कंपनी एक होती, जबाबदारी तिची होती आणि रोखे काढून पैसा उभारण्याची मुभा होती. त्या कर्जाचे ओझे तिला पुढे वर्षानुवर्षे वाहावे लागले, हेही खरे. राज्य आणि रेल्वे मंत्रालयाची निम्म्या-निम्म्या भागीदारीची ‘महारेल’ ही कंपनी आज आहे. पण तिचे नाव ऐकू येते ते मुख्यतः रेल्वे फाटकांवरच्या उड्डाणपुलांसाठी. वर्धा-नांदेडचे काम मध्य रेल्वेकडेच आहे.

पैसा आला की नाही, कसे कळते?

‘तरतूद झाली’ ही बातमी आणि ‘निधी वितरित’ हा शासन निर्णय यांत मोठे अंतर असते. राज्याचा हप्ता सोडला की गृह विभागाच्या परिवहन शाखेचा शासन निर्णय निघतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. केंद्राने कोणत्या मार्गासाठी किती रक्कम ठेवली, ते रेल्वेच्या ‘पिंक बुक’मध्ये छापलेले असते. लोकप्रतिनिधींना ‘रेल्वे कधी येणार’ असे विचारले की तारीख मिळते, आणि ती पुढेही जाते. यंदाचा कोणाचा हप्ता थकला, असे विचारले तर उत्तर टाळणे अवघड.

गोरेगावपर्यंत काय?

नवे मार्ग झाले तरी गोरेगावच्या माणसाला स्थानकापर्यंत नेणार एसटीच. तिथेही कागदावर भागीदार दोन आहेत : १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात केंद्र आणि राज्य अशा दोन्ही सरकारांनी भांडवल देण्याची सोय आहे. आता भार मुख्यतः राज्यावर आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास मिळतो. या सवलतींची रक्कम राज्याने महामंडळाला भरून द्यायची असते. ती लांबली की डिझेल, पगार आणि गाड्यांच्या दुरुस्तीचा मेळ बसत नाही आणि पहिली कात्री लागते ती खेड्यांच्या फेऱ्यांना.