मेल किती वेळाने तपासायचा? बोटीवर वेगळं, घरी वेगळं



फोनने ई-मेल किती मिनिटांनी तपासावा, हा प्रश्न बारीक वाटतो. पण चार-चार दिवस दर्यात राहणाऱ्या ट्रॉलरवर तो बॅटरीचा प्रश्न आहे. आमचं मत सरळ आहे: बोटीवरच्या फोनमध्ये मेल आपोआप येणं बंद ठेवा, आणि मेल बघायचं काम किनाऱ्यावरच्या माणसाकडे द्या.

हिशोब बघा. दर १५ मिनिटांनी तपासणी लावली, तर फोन दिवसात ९६ वेळा सर्व्हरला विचारतो, "काय आलं काय?" रेंज कमी असेल तर टॉवर गाठायला तो जास्त ताकद लावतो, बॅटरी जास्त खातो. रेंजच्या बाहेर तर नुसता टॉवर शोधत बसतो. तिथे एअरप्लेन मोड लावा. बहुतेक फोनांत जीपीएस तरीही चालतं. किनारा जवळ आला की मोड काढायला मात्र विसरू नका.

काहीजण म्हणतात, वादळाचा इशारा मेलवर आला तर? खरा धोका इथेच आहे. मेल उशिरा येतो, स्पॅममध्येही जातो. जिवाच्या गोष्टीसाठी त्याच्यावर विसंबायचं नाही. निघण्याआधी हवामान खात्याचा आणि इन्कॉइसचा अंदाज बघा. दर्यात व्हीएचएफचा १६ नंबर चॅनल सुरू ठेवा.

राहिले परवाना, सबसिडी, बँक, विमा यांचे मेल. त्यांना उत्तर द्यायला मिनिटं नाही, दिवस असतात. पण मुदत चुकली की नुकसान आपलंच. म्हणून तेच खातं घरच्या फोनवरही जोडा. सकाळी एकदा आणि ऑफिसं बंद व्हायच्या आधी एकदा बघितलं तरी पुरे. ओटीपी हवा असेल तेव्हा इनबॉक्स बोटाने खाली ओढा.

सेटिंग सोपं आहे. आयफोनच्या मेल ॲपमध्ये १५ मिनिटं, ३० मिनिटं, तासाला एकदा किंवा 'मॅन्युअल' निवडता येतं. बोटीवर मॅन्युअल ठेवा. जीमेलच्या ॲपमध्ये मिनिटं नसतात, मेल आला की सर्व्हरच कळवतो. अँड्रॉइडवर तिथे 'सिंक' बंद करायचं.

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोटी धक्क्याला असतात, तेव्हाच हे लावून घ्या. बोट सुटायच्या आधी डिझेल, बर्फ, पाणी बघतो, तसं घरी मेल कोण बघणार हेही ठरवून निघा.