गणिती बुद्धी आणि चित्रकला

गणितात पहिला येणारा विद्यार्थी चित्रकलेची वही पुढे करताना बहुधा ओशाळतो. "तो आपला प्रांत नव्हे," असे तो म्हणतो, आणि घरची वडील मंडळीही त्याला दुजोरा देतात. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताच्या स्वाधीन होतो, याचेही कोणाला वाईट वाटत नाही. चित्रकला ही उपजत देणगी, ती हिशेबी डोक्याला वश होत नाही, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की तिची परीक्षा कोणी घेतच नाही. मला ती साफ अमान्य आहे.

माझी घरची बोली कोंकणी. ग्रांथिक मराठी मी व्याकरण लावून, वाक्ये सुटी करून आणि पुन्हा जुळवून शिकले. अशा रीतीने मिळविलेली भाषा खोटी असते असे कोणी म्हणत नाही. मग रेषेलाच हा नियम का लागू नसावा?

अशा विद्यार्थ्याची खरी अडचण हाताची नसते. तो डोळ्यांना दिसते ते न काढता मनाला ठाऊक असते ते काढतो. आपल्या वेधशाळेतील सम्राट यंत्र घ्या. सवाई जयसिंगाने 18व्या शतकात उभारलेल्या या यंत्राची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. म्हणून जमिनीशी ती उज्जयिनीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे 23 अंशांचा कोन करते. हुशार मुलगा कोनमापक लावून तेवढाच कोन कागदावर उतरवितो, आणि चित्र बिघडते. कारण तो यंत्रासमोर तिरका उभा असतो. तेथून भिंतीचा पाया आखडलेला दिसतो, उंची मात्र तशी आखडत नाही. साहजिकच कोन मोठा दिसतो. त्याला म्हणावे, हात ताठ धर, एक डोळा मीट, पेन्सिलीवर आधी उंची मोज, मग पाया मोज, आणि त्यांचे गुणोत्तर काढ. भिंतीमागच्या आकाशाचा तुकडा कोणत्या आकाराचा आहे, तेही पाहा. हे सारे गणितच आहे! "मन लावून काढ" एवढ्या उपदेशाने या मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

उलट, चित्र येत असल्याने शास्त्राला डोळे फुटल्याची उदाहरणे आहेत. 1609 साली इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला व त्याचे चित्रही काढले. पण त्यावरील डागांचा उलगडा त्याला झाला नाही. त्याच वर्षी गॅलिलिओने तेच पाहिले. छायाप्रकाशाची चित्रणपद्धती त्याला अवगत होती. त्या डागांत त्याने पर्वतांच्या सावल्या ओळखल्या, आणि 1610 साली तसे ग्रंथात प्रसिद्ध केले.

इतके दूर तरी कशाला जावे? पद्मश्री विष्णु श्रीधर वाकणकर आपल्या उज्जयिनीचेच. ते चित्रकार होते आणि पुरातत्त्वज्ञही. 1957 साली आगगाडीतून भोपाळकडे जात असता त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले आणि तेथील चित्रे उजेडात आली. त्या भिंतींवर एका काळच्या चित्रावर दुसऱ्या काळचे चित्र काढलेले आढळते. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते की कोणती रेषा वर आणि कोणती खाली. खालची आधीची, वरची नंतरची, या तर्काने तेथील काळाचा क्रम लागतो. येथे हात कोठे संपतो आणि बुद्धी कोठे सुरू होते, ते कोणी दाखवून द्यावे!

मोठा चित्रकार होणे ही गोष्ट निराळी. ते चांगल्या चित्रकारांच्या मुलांनाही साधतेच असे नाही. पण समोरची वस्तू ओळखू येईल अशी काढणे हे कोणत्याही विचारी मुलाच्या आटोक्यातले आहे. पालकांनी एखाद्या रविवारी त्याला वही देऊन वेधशाळेत किंवा क्षिप्रेच्या घाटावर बसवावे. सगळ्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या असूनही दूरच्या अरुंद का दिसतात, हा प्रश्न तो आपणच विचारील. पहिले काही महिने रबर मात्र देऊ नये. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी काढली म्हणजे आपण किती चुकलो, हे त्याला मोजून पाहता येते.